एका फॉर्ममधून अनेक फायली: सर्व्हरवर प्रत्येकीचा हिशेब कसा ठेवावा

वेबपानावरच्या एकाच फॉर्ममधून दहा-वीस फायली एकदम पाठवता येतात. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने ते एक बटण असते. सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या दृष्टीने मात्र ते दहा-वीस वेगवेगळे व्यवहार असतात, आणि त्यांतला कोणताही एक व्यवहार बाकीच्यांना धक्का न लावता फसू शकतो. हा फरक लक्षात न घेता लिहिलेला प्रोग्राम चाचणीत व्यवस्थित चालतो आणि खऱ्या वापरात फायली हरवतो, तेही कुठलीही तक्रार न करता.

आमच्या मंडळाने बडोद्यातल्या मराठी घरांतले जुने फोटो, लग्नपत्रिका आणि मोडी कागद यांचा संग्रह सुरू केला, तेव्हा हा धडा आम्हाला मिळाला. दांडिया बाजारातल्या एका घरातून नातवाने आजींच्या अल्बममधले २६ फोटो एकदम पाठवले. पानावर ‘आपले फोटो मिळाले, आभारी आहोत’ असे उमटले. चार महिन्यांनी यादी करायला बसलो, तेव्हा संग्रहात २० फोटो निघाले. नातवाने तोवर फोनमधल्या फायली पुसून टाकल्या होत्या. अल्बम घरातच होता म्हणून निभावले. कुठे काही बिघडले नव्हते. सर्व्हर त्याच्या ठरलेल्या नियमाप्रमाणेच वागला होता. तो नियम आम्हाला माहीत नव्हता.

अनेक मंडळे आता स्मरणिकेसाठी, किल्ले स्पर्धेसाठी, वधूवर सूचीसाठी असे फॉर्म ठेवतात. त्यांचे काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही माहिती एकत्र केली आहे. मंडळांची बहुतेक संकेतस्थळे पीएचपीवर चालतात, म्हणून मुख्य विवेचन पीएचपीचे आहे. इतर भाषांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे. प्रोग्राममधली नावे वाचायला सोपी जावीत म्हणून इथे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

१. ब्राउझर नेमके काय पाठवतो

फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५मध्ये आरएफसी १८६७ या दस्तऐवजाने मांडली. तिचे आजचे प्रमाण रूप आरएफसी ७५७८ मध्ये आहे, ते २०१५चे. पद्धत अशी: सगळा मजकूर एका लांब पाकिटात जातो आणि त्या पाकिटाचे ‘भाग’ पाडलेले असतात. दोन भागांच्या मध्ये ब्राउझरने ठरवलेली एक खुणेची ओळ असते. प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्या रकान्याचे नाव, फाइल असल्यास फाइलीचे मूळ नाव आणि ब्राउझरच्या अंदाजाने तिचा प्रकार लिहिलेला असतो. पाच फोटो निवडले, तर एकाच रकान्याच्या नावाचे पाच भाग जातात.

यासाठी फॉर्ममध्ये चार गोष्टी लागतात.

– पाठवण्याची रीत ‘पोस्ट’ असावी.
– फॉर्मचा ‘एन्कटाइप’ हा ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ असावा. हा विसरला तर फाइल जातच नाही, फक्त तिचे नाव जाते. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे.
– फाइल निवडण्याच्या रकान्याला ‘मल्टिपल’ हा गुणधर्म द्यावा.
– पीएचपीसाठी रकान्याच्या नावाच्या शेवटी चौकोनी कंसांची रिकामी जोडी लावावी, म्हणजे ‘फोटो’ऐवजी ‘फोटो[]’. कंस नसले तर एकाच नावाचे सगळे भाग एकमेकांवर लिहिले जातात आणि हाती फक्त शेवटची फाइल राहते.

चौथी चूक ओळखायला अवघड असते, कारण एक फाइल पाठवून केलेल्या चाचणीत ती दिसतच नाही.

२. पीएचपी फायली कशा मांडून देते

आलेल्या फायली पीएचपी एका तात्पुरत्या फोल्डरात ठेवते आणि त्यांची माहिती ‘_फाइल्स’ या यादीत देते. प्रत्येक फाइलीबद्दल मुख्यतः पाच नोंदी असतात: मूळ नाव, प्रकार, तात्पुरती जागा, त्रुटीचा क्रमांक आणि आकार.

अनेक फायली असल्या की या यादीची मांडणी अपेक्षेच्या उलट होते. शाळेच्या हजेरीपटात एका ओळीत एका मुलाची सगळी माहिती असते. इथे आधी सगळ्यांची नावे, मग सगळ्यांचे प्रकार, मग सगळ्यांच्या तात्पुरत्या जागा अशी माहिती मिळते. तिसऱ्या फाइलीचा आकार हवा असेल, तर ‘आकार’ या यादीतली तिसरी नोंद पाहायची. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून तिसऱ्या फाइलीचा क्रमांक २.

या मांडणीवर थेट काम करत राहिल्यास गोंधळ होतो. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एक छोटे फंक्शन लिहून ही यादी आडवी करून घ्यावी: ‘नाव’ या यादीतल्या प्रत्येक क्रमांकासाठी पाचही नोंदी उचलायच्या आणि एका फाइलीची एक ओळ बनवायची. पुढचा सगळा प्रोग्राम मग ‘एका फाइलीचे काय करायचे’ एवढ्याच प्रश्नावर लिहिता येतो.

कोणतीही फाइल न निवडता फॉर्म पाठवला तरी यादी रिकामी येत नाही. तिच्यात एक नोंद असते, नाव कोरे आणि त्रुटीचा क्रमांक ४. त्यामुळे केवळ नोंदी मोजून ‘१ फाइल आली’ असे म्हणू नये.

३. मर्यादा, आणि त्या गुपचूप कशा लागू होतात

आमचे सहा फोटो इथे गेले. मर्यादा वेगवेगळ्या थरांवर असतात आणि प्रत्येक थर वेगळ्या रीतीने नकार देतो. पुढचे आकडे मूळ ठेवणीचे आहेत. होस्टिंग देणाऱ्यांनी ते बदललेले असू शकतात.

– अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ: एका फाइलीचा कमाल आकार, २ एमबी. ओलांडल्यास त्या फाइलीला त्रुटी क्रमांक १ मिळतो. बाकीच्या फायली नीट येतात.
– मॅक्स_फाइल_अपलोड्स: एका वेळी कमाल फायली, २०. त्यापुढच्या फायली यादीत येतच नाहीत. त्यांना त्रुटीचा क्रमांकही मिळत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत एक इशारा पडतो, तो कोणी वाचला तर वाचला.
– पोस्ट_मॅक्स_साइझ: संपूर्ण पाकिटाचा कमाल आकार, ८ एमबी. ओलांडल्यास फायलींची यादी आणि फॉर्ममधला इतर मजकूर दोन्ही रिकामे येतात. प्रोग्रामला वाटते की कोणी काही पाठवलेच नाही.
– एनजिनएक्स हा सर्व्हर पुढे असेल तर त्याची स्वतःची मर्यादा असते, १ एमबी. ओलांडल्यास तो ४१३ क्रमांकाचे इंग्रजी पान दाखवतो आणि आपला प्रोग्राम सुरूसुद्धा होत नाही.

आजच्या फोनवरचा एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. म्हणजे मूळ ठेवणीत असा एकही फोटो आत येणार नाही. पहिली मर्यादा वाढवून १० एमबी केली आणि तिसरी तशीच ठेवली, तर पाच एमबीचे दोन फोटो मिळूनच पाकीट नाकारले जाईल. म्हणून हिशेब एकत्र करावा. एका फाइलीला १० एमबी आणि एका वेळी १५ फायली द्यायच्या असतील, तर पाकिटाची मर्यादा १५० एमबीहून थोडी जास्त हवी, आणि पुढच्या सर्व्हरची मर्यादाही तितकीच हवी.

या मर्यादा प्रोग्रामच्या आतून बदलून उपयोग नाही. प्रोग्रामची पहिली ओळ चालते तेव्हा फायली आलेल्या असतात किंवा नाकारल्या गेलेल्या असतात. बदल ‘पीएचपी.आयएनआय’मध्ये किंवा होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून करावा लागतो.

गुपचूप होणारे नुकसान पकडायला दोन उपाय पुरतात.

पहिला: किती फायली निवडल्या ते ब्राउझरमधल्या छोट्या स्क्रिप्टने मोजून फॉर्मच्या एका लपलेल्या रकान्यात भरावे. सर्व्हरने तो आकडा आणि प्रत्यक्ष आलेल्या नोंदी ताडून पाहाव्यात. २६ निघाल्या आणि २० पोचल्या, तर ते तिथल्या तिथे कळते. हा रकाना कोणी मुद्दाम बदलू शकतो, पण इथे तो सुरक्षेसाठी नसून हिशेबासाठी आहे.

दुसरा: विनंती ‘पोस्ट’ असून दोन्ही याद्या रिकाम्या असतील, तर विनंतीसोबत आलेला ‘कंटेंट-लेंग्थ’चा आकडा पाहावा. तो पाकिटाच्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर ‘सर्व फायली मिळून आकार फार मोठा झाला, कृपया दोन खेपांत पाठवा’ असा स्पष्ट निरोप द्यावा.

४. त्रुटींचे क्रमांक आणि त्यांचे मराठी

प्रत्येक फाइलीचा त्रुटी क्रमांक सर्वांत आधी पाहावा. तो शून्य नसेल, तर त्या फाइलीवर पुढे काहीही करू नये.

० – फाइल पूर्ण आली.
१ – सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी.
२ – फॉर्ममध्ये लिहिलेल्या मर्यादेपेक्षा मोठी.
३ – अर्धवट आली.
४ – फाइल निवडलीच नाही.
६ – सर्व्हरवर तात्पुरते फोल्डर नाही.
७ – डिस्कवर लिहिता आले नाही.
८ – पीएचपीच्या एखाद्या विस्ताराने थांबवली.

५ हा क्रमांक वापरात नाही. १ ते ३ या त्रुटी पाठवणाऱ्याला सांगाव्यात, कारण त्यावर तो काही करू शकतो. ६ ते ८ या आपल्या बाजूच्या आहेत. तिथे त्याला ‘अडचण आमच्याकडे आहे, फोटो जपून ठेवा, आम्ही कळवू’ असे सांगावे आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला लगेच ईमेल जाईल अशी व्यवस्था करावी. ७ क्रमांक बहुधा डिस्क भरल्याची खूण असते. तो दिसू लागला की पुढच्या प्रत्येक घराचे फोटो तसेच परत जाणार.

५. फाइल खरोखर तीच आहे का

पाठवणाऱ्याकडून आलेले नाव, प्रकार आणि शेपूट या तिन्हींवर विश्वास ठेवू नये. ‘फोटो.जेपीजी’ असे नाव कोणत्याही फाइलीला देता येते. ‘प्रकार’ ही नोंददेखील ब्राउझरने लिहिलेली असते, सर्व्हरने तपासलेली नसते.

तपासणी फाइलीच्या आतल्या मजकुरावरून करावी. जेपेग फाइल एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी सुरू होते. पीडीएफ फाइल टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी. हे ओळखण्याचे काम पीएचपीचा ‘फाइलइन्फो’ हा विस्तार करतो. आपण काय चालते त्याची छोटी यादी ठेवावी: जेपेग, पीएनजी, वेबपी, पीडीएफ. त्यात नसेल ते नाकारावे. काय चालत नाही त्याची यादी करण्याच्या फंदात पडू नये. ती कधीच पूर्ण होत नाही. एसव्हीजी हे चित्र असले तरी त्याच्या आत स्क्रिप्ट असू शकते, म्हणून ते या यादीत ठेवू नये.

आयफोनवर २०१७च्या आयओएस ११पासून फोटो ‘हाइक’ या प्रकारात साठवले जातात. अनेक होस्टिंगवरच्या चित्रांच्या सोयी हा प्रकार उघडू शकत नाहीत. अशा वेळी फोटो नुसता नाकारणे वाईट. मूळ फाइल ठेवून घ्यावी आणि छोटी प्रत नंतर बनवावी, किंवा निरोपात ‘जेपेग करून पाठवा’ असे सांगावे.

चित्र उघडण्याआधी त्याची लांबी-रुंदी पाहावी. उघडलेले चित्र दर ठिपक्याला साधारण ४ बाइट घेते. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर ४ एमबीचा असला तरी उघडल्यावर सुमारे ४८ एमबी जागा खातो. पीएचपीची स्मरणमर्यादा मूळ ठेवणीत १२८ एमबी आहे. म्हणून एका वेळी एकच चित्र उघडावे, त्याची छोटी प्रत बनवावी, ते सोडून द्यावे आणि मगच पुढचे घ्यावे. १०,००० गुणिले १०,००० ठिपक्यांचे एकरंगी पीएनजी डिस्कवर अगदी लहान असू शकते, पण उघडल्यावर ४० कोटी बाइट मागते. तेवढ्याने प्रोग्राम मध्येच बंद पडतो आणि त्याच खेपेतले पुढचे चांगले फोटो जातात.

६. नावांचा प्रश्न, आणि त्यात मराठी नावांचा

पीएचपीचे ‘मूव्ह_अपलोडेड_फाइल’ हे फंक्शन फाइल तात्पुरत्या जागेवरून कायमच्या जागेवर नेते. ती खरोखर फॉर्ममधूनच आलेली आहे का, हेही ते तपासते. पण त्या जागी त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर ते न विचारता तिच्यावर लिहिते.

नावे सारखी निघणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. कॅमेऱ्यांची नावे चार आकडी क्रमांकाने चालतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून अँड्रॉइड फोनवर उतरलेल्या फोटोच्या नावात तारीख आणि त्या दिवसाचा क्रमांक असतो. हा क्रमांक दररोज नव्याने सुरू होतो. गणेशचतुर्थीच्या दिवशी दोन घरांनी आपापला तिसरा फोटो पाठवला, तर दोघांचे नाव एकच.

यावर लोक मूळ नाव ‘स्वच्छ’ करण्याचा उपाय करतात, आणि तिथे मराठी नावांची वाट लागते. इंटरनेटवर सापडणारी बहुतेक फंक्शने रोमन अक्षरे आणि आकडे सोडून सगळे काढून टाकतात. मग ‘मुंज’ आणि ‘बारसे’ या दोन्ही फायलींचे नाव कोरेच उरते आणि दुसरी पहिलीवर लिहिली जाते. काहीजण थोडे पुढे जाऊन ‘कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल’ असा नियम लावतात. पण युनिकोडच्या हिशेबात मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नाहीत, ‘चिन्हे’ आहेत. त्या नियमाने ‘दिवाळी’चे ‘दवळ’ होते आणि ‘मुंज’चे ‘मज’. नियमात अक्षरांसोबत चिन्हांचा वर्गही घ्यावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेते. लिनक्सवर फाइलीचे नाव २५५ बाइटांपलीकडे जात नाही, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हे, आणि मात्राही त्यात मोजल्या जातात. ‘आजोबांच्या एकसष्टीला जमलेली सगळी मंडळी’ अशा थाटाची लांब नावे ही मर्यादा लवकर गाठतात. दुसरे, आपला ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. शोधताना मग ‘पायऱ्या’ सापडत नाहीत. नाव साठवण्यापूर्वी ते ‘एनएफसी’ या प्रमाण रूपात आणून घ्यावे. पीएचपीच्या ‘इंटल’ विस्तारात त्याची सोय आहे.

या सगळ्यावर टिकाऊ उपाय एकच. डिस्कवरच्या फाइलीचे नाव आपण स्वतः द्यावे, ‘रँडम_बाइट्स’ने काढलेले १६ बाइटांचे यादृच्छिक नाव, आणि पुढचे शेपूट तपासणीत ठरलेल्या प्रकारावरून. मूळ नाव जसेच्या तसे डेटाबेसच्या रकान्यात जपावे. ते जपणे फार महत्त्वाचे आहे. जुन्या फोटोबद्दल घरच्यांनी लिहिलेली एकमेव माहिती कित्येकदा त्या नावातच असते. हे नाव पानावर दाखवताना मात्र ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’मधून काढूनच दाखवावे, कारण तोही बाहेरून आलेला मजकूर आहे.

७. कुठे ठेवावे

मूळ फायली संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डराच्या बाहेर ठेवाव्यात. जेपेगची सुरुवात बरोबर असलेल्या फाइलीच्या शेवटी पीएचपीचा मजकूर दडवता येतो; ती सार्वजनिक फोल्डरात पडली आणि सर्व्हरची मांडणी ढिली असली, तर कोणीही तो मजकूर चालवू शकतो. होस्टिंगवर बाहेर जागा नसेल, तर त्या फोल्डरात प्रोग्राम चालवण्याची मनाई सर्व्हरच्या मांडणीत करून ठेवावी.

लोकांना दाखवायला नव्याने काढलेली छोटी प्रत वापरावी. फोनच्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती असते, आणि कित्येकदा फोटो काढल्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशांसह असते. आजींच्या अल्बमचा फोटो घरी बसून फोनने काढला असेल, तर ते ठिकाण म्हणजे त्यांचे घर. सार्वजनिक प्रतीतून ही माहिती काढून टाकावी. काढण्याआधी फोटो आडवा की उभा याची नोंद त्यातून वाचून प्रत सरळ करून घ्यावी, नाहीतर निम्मी माणसे आडवी झोपलेली दिसतात.

८. काही आल्या, काही नाही: मग काय

पंधरापैकी बारा फायली चांगल्या आणि तीन नाकारलेल्या असतील, तर काय करावे? बँकेच्या व्यवहारात ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम योग्य. फोटोंच्या संग्रहात तो जाचक ठरतो: एका चुकीच्या फाइलीपायी चौदा पुन्हा पाठवायला सांगितल्या, तर वयस्कर माणूस पुन्हा पाठवतच नाही. म्हणून चांगल्या ठेवून घ्याव्यात आणि प्रत्येक फाइलीचा निकाल स्वतंत्रपणे लिहावा.

एका फाइलीमागचा क्रम असा ठेवावा: त्रुटी क्रमांक, आकार, खरा प्रकार, लांबी-रुंदी, नवे नाव, कायमच्या जागी हलवणे, डेटाबेसात नोंद. डेटाबेस आणि डिस्क या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीतली नोंद फसली म्हणून दुसरी आपोआप मागे घेतली जात नाही. नोंद फसली तर हलवलेली फाइल पुसून निकाल ‘नाही’ असा लिहावा. रोज रात्री एक छोटा प्रोग्राम चालवून दोन्ही वह्या ताडाव्यात: नोंद आहे पण फाइल नाही, फाइल आहे पण नोंद नाही.

विनंती संपली की तात्पुरत्या फोल्डरातल्या उरलेल्या फायली पीएचपी स्वतः पुसते. ‘नंतर पाहू’ म्हणून तिथे काही ठेवता येत नाही.

पाठवणाऱ्याला शेवटी दिसणारे पान पावतीसारखे असावे. ‘१५ पाठवल्या, १२ मिळाल्या’ असे वर, आणि खाली एकेका फाइलीचे मूळ नाव, शेजारी ‘मिळाली’ किंवा न मिळण्याचे कारण सोप्या मराठीत. ‘त्रुटी १’ असे लिहू नये. ‘हा फोटो १० एमबीपेक्षा मोठा आहे’ असे लिहावे. खेपेचा क्रमांक द्यावा आणि हीच पावती ईमेलने पाठवावी. हे पान ३०३ या उत्तराने वेगळ्या पत्त्यावर दाखवावे, म्हणजे कोणी पान ताजे केले तरी फायली पुन्हा जात नाहीत.

इंटरनेट मध्येच तुटले तर पावती दिसत नाही आणि माणूस तेच फोटो पुन्हा पाठवतो. त्याने तसेच करावे. दुहेरी फायली ओळखण्यासाठी प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा काढून नोंदीत ठेवावा. तोच ठसा पुन्हा आला, तर ‘हा फोटो आमच्याकडे आधीच आहे’ असे पावतीत लिहावे.

९. फोटोखालची माहिती

प्रत्येक फोटोची माहिती त्याच फॉर्ममध्ये, फायलींच्या शेजारच्या रकान्यांत घेण्याचा मोह होतो. ते टाळावे. फायली कोणत्या क्रमाने जातील ते निवडण्याच्या क्रमावर अवलंबून नसते, आणि मध्येच एखादी फाइल गळली की पुढची सगळी माहिती एकेका घराने सरकते. मामांच्या फोटोखाली काकांचे नाव लागते, आणि वीस वर्षांनी ते दुरुस्त करायला कोणी उरत नाही.

आधी फायली घ्याव्यात, मग दुसऱ्या पानावर मिळालेल्या फोटोंच्या छोट्या प्रती दाखवून प्रत्येकाखाली कोण, कुठे, साधारण कोणते साल हे विचारावे. प्रत्येक रकाना त्या फोटोच्या नोंद क्रमांकाशी बांधलेला असावा.

१०. इतर भाषांत

पायथनच्या जँगोमध्ये फायलींच्या यादीतून रकान्याचे नाव देऊन मागितले, तर अनेकांपैकी शेवटची फाइल मिळते, फ्लास्कमध्ये पहिली. दोन्हींत सगळ्या हव्या असतील तर ‘गेटलिस्ट’ वापरावे. नोडवर एक्सप्रेससोबत ‘मल्टर’ हा विस्तार वापरतात; त्यात एका फाइलीसाठी ‘सिंगल’ आणि अनेकांसाठी ‘अ‍ॅरे’ असे वेगळे शब्द आहेत. भाषा कोणतीही असो, मर्यादा, खरा प्रकार, स्वतः दिलेले नाव आणि फाइलीगणिक निकाल या चार गोष्टी बदलत नाहीत.

११. फॉर्म खुला करण्यापूर्वीच्या चाचण्या

– एकही फाइल न निवडता पाठवणे.
– एक फाइल. मग बरोबर मर्यादेइतक्या. मग त्याहून एक जास्त.
– एकच फाइल फार मोठी. मग सगळ्या लहान, पण मिळून पाकिटापेक्षा मोठ्या.
– एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली, दोन वेगळ्या फोनवरून.
– ‘दिवाळी पायऱ्या.जेपीजी’ अशा नावाची फाइल. आत गेलेले नाव आणि पावतीतले नाव अक्षरशः सारखे आहे का ते पाहणे.
– साध्या मजकुराच्या फाइलीला ‘जेपीजी’ शेपूट लावून पाठवणे. ती नाकारली गेली पाहिजे.
– पाठवताना मध्येच फोनचे इंटरनेट बंद करणे, मग तेच फोटो पुन्हा पाठवणे.

प्रत्येक चाचणीनंतर तीन आकडे जुळवावेत: निवडलेल्या फायली, पावतीतल्या ओळी, आणि डिस्कवरच्या फायली अधिक नाकारलेल्या किंवा आधीच असलेल्या. तिन्ही जुळल्याशिवाय फॉर्म लोकांसाठी खुला करू नये.

आमच्या फॉर्मवर आता एका वेळी १५ फोटोंची मर्यादा आहे आणि ती बटणाच्या वरच मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. पावतीच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सर्व फोटो मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय फोनमधले फोटो पुसू नयेत.’ ज्या मंडळांना असा फॉर्म उभारायचा आहे, त्यांनी निदान ही ओळ आमच्याकडून जरूर घ्यावी.